बिल्डरला अपील, रहिवाशाला नुसता अर्ज!

मुंबईत इमारत बांधण्यासाठी महापालिकेकडून जी पहिली परवानगी मिळते, तिला १८८८ च्या महापालिका कायद्याच्या ३४६ व्या कलमाच्या आधारे ‘नापसंतीची सूचना’ असे म्हणतात. अटी पुऱ्या होईपर्यंत आमची नापसंती आहे, अटी पुऱ्या करा आणि बांधा, असा तिचा अर्थ. परवानगीलाच नापसंती म्हणणाऱ्या ह्या शहरात रहिवाशांच्या खऱ्याखुऱ्या नापसंतीला मात्र कायद्यात कोठेही स्थान नाही. हा भाषेचा विनोद नाही. ज्यांच्या खिडकीतला उजेड जाणार, ज्यांच्या नळाचे पाणी वाटले जाणार, ज्यांच्या मुलांचे मैदान पत्र्याआड जाणार, ती माणसे नगररचनेच्या साऱ्या व्यवहारात कोणीच नाहीत, असे आपल्या कायद्याने ठरवून टाकले आहे. प्रश्न इतका मूलभूत आहे, आणि आपल्या चळवळीने त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, हे प्रथमच मान्य केलेले बरे.

कायदा काय सांगतो ते पाहा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याच्या ४४ व्या कलमानुसार जमिनीचा विकास करू इच्छिणाऱ्याने नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिकेकडे वा नगरपालिकेकडे, अर्ज करावयाचा. ४५ व्या कलमानुसार प्राधिकरणाने तो मंजूर करावयाचा, अटींवर मंजूर करावयाचा किंवा फेटाळावयाचा. प्राधिकरणाने साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर प्रस्ताव नियमांना धरून असल्यास परवानगी मिळालीच असे मानावयाचे. आणि ४७ वे कलम म्हणते की, अर्ज फेटाळला गेल्यामुळे किंवा घातलेल्या अटींमुळे ज्या अर्जदारावर अन्याय झाला असेल त्याने चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करावे. साऱ्या मेखा ‘अर्जदार’ ह्या एका शब्दात आहेत. परवानगी नाकारल्याचा अन्याय कायद्याला कळतो. परवानगी दिल्याचा अन्याय त्याला कळत नाही. अर्जदाराच्या वेळेला कायदा दिवस मोजून जपतो. शेजारच्या चाळीतील शंभर बिऱ्हाडांना असा अर्ज आला आहे हे कळवण्याचे बंधनही ही कलमे कोणावर घालत नाहीत. एका बाजूला साठ दिवस, चाळीस दिवस, मानीव परवानगी आणि मंत्रालयात अपील. दुसऱ्या बाजूला आवक-बारनिशीचा शिक्का मारलेली अर्जाची पोचपावती!

म्हणूनच गिरगाव असो, परळ असो, कुर्ला असो की ठाणे, चित्र एकाच साच्यातले दिसते. एके दिवशी सकाळी मोकळ्या जागेभोवती पत्रे उभे राहतात. दोन दिवसांनी खोदकामाचे यंत्र येते. रहिवासी विभाग कार्यालयात जातात. तेथे त्यांना इमारत प्रस्ताव खात्याची वाट दाखवली जाते. त्या खात्यात फाइल वर गेल्याचे कळते. नगरसेवक म्हणतो, हे मंत्रालयातून ठरून आले आहे. मंत्रालयात सांगतात, परवानगी देणे हा महापालिकेचा अधिकार आहे. प्रत्येक टेबलावर अर्ज स्वीकारला जातो आणि कोणत्याही टेबलावर तो वाचला जात नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नकाशाची प्रत मागण्याची सोय झाली, ही मोठी मिळकत खरीच. पण प्रत हाती येईपर्यंत पाया भरला जातो, आणि पाया भरला की ‘आता एवढा खर्च झाला आहे’ हाच बांधकामाच्या बाजूचा सर्वांत मोठा कायदा ठरतो.

ह्यावर सरकारी बाजूने एक ठरावीक उत्तर येते. ते असे की, प्रत्येक इमारतीच्या अर्जावर लोकांचे ऐकत बसलो तर शहर बांधले जाणार नाही. लोकांचे म्हणणे विकास आराखडा तयार होताना ऐकले जाते, तेव्हा हरकती व सूचना मागवल्या जातात, एकदा आराखडा मंजूर झाला की त्याप्रमाणे परवानगी देणे हे केवळ कारकुनी काम. हे उत्तर प्रामाणिक असते तर आम्ही त्याचा विचार केला असता. आराखडा लोकांनी ठरवला आणि अधिकाऱ्यांनी तो काटेकोरपणे पाळला, तर प्रत्येक इमारतीवर वाद घालण्याची हौस कोणाला आहे?

लोकांना आराखडा समजत नाही, हा आक्षेपही खोटा आहे आणि तो मुंबईकरांनी खोटा पाडून दाखवला आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. रेल्वे स्थानकांच्या परिसरात चटईक्षेत्र निर्देशांक आठपर्यंत नेण्याची त्यात तरतूद होती, आरेच्या हिरव्या पट्ट्यात बांधकामाला वाट करून दिली होती, आणि कोळीवाडे, गावठाणे, आदिवासी पाडे, झोपडपट्ट्या ह्यांसारख्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्त्यांची धड नोंद नव्हती. कोळणींनी, फेरीवाल्यांनी, झोपडपट्टीतील कार्यकर्त्यांनी, वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि सोसायट्यांतील निवृत्त माणसांनी आपापल्या विभागाचे नकाशे पुढे घेऊन चुका शोधल्या. पन्नास हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या. अखेर २१ एप्रिल २०१५ रोजी मुख्यमंत्र्यांना तो मसुदा दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला. सुधारित आराखडा मंजूर होऊन अंमलात येण्यास २०१८ साल उजाडले. तो निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु नकाशा हे तज्ज्ञांचे सोवळे नव्हे, सामान्य माणूस तो वाचू शकतो आणि त्यातील लबाडी ओळखू शकतो, एवढे त्या वर्षी निर्विवाद सिद्ध झाले.

आता दुसरी बाजू पाहा. इतक्या खटाटोपाने मंजूर झालेला आराखडा शासन स्वतः तरी पाळते काय? त्याच १९६६ च्या कायद्यात ३७ वे कलम आहे. आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणार नाही अशा किरकोळ फेरबदलासाठी ते ठेवलेले आहे. नोटीस काढावयाची, महिनाभर हरकती मागवावयाच्या आणि शासनाची मंजुरी घ्यावयाची, की आराखडा बदलला. वीस वर्षांसाठी लोकांसमोर केलेला करार एका अधिसूचनेने फिरवता येतो. आणि ‘किरकोळ’ म्हणजे किती, ह्याचा हिशेब ज्यांना हवा असेल त्यांनी गिरणगावाकडे पाहावे.

मुंबईतल्या ५८ कापड गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले आणि तो संप मोडीत निघाल्यावर गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन मालकांना अधिक प्रिय झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. तो ढोबळमानाने असा होता की, गिरणीची जमीन विकसित करावयाची तर सुमारे एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, सुमारे एक तृतीयांश म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकाला. पाच हेक्टरांपर्यंतच्या जमिनीत मालकाला ४० टक्के, दहा हेक्टरांहून मोठ्या जमिनीत ३० टक्के. ज्या जमिनीवर कामगारांच्या तीन पिढ्यांनी घाम गाळला, तिचा दोन तृतीयांश शहराला मिळावा, एवढाच तो माफक नियम. तो क्रांतिकारक नव्हता. पण न्याय्य होता.

मालकांनी काय केले? त्यांनी नियमाविरुद्ध आंदोलन केले नाही, मोर्चा काढला नाही. ते नुसते थांबले. फारच थोड्यांनी अर्ज केले. येथे मालकशाहीचे एक मर्म ध्यानात घेतले पाहिजे. विकासाचा अर्ज करणे हा जसा मालकाचा हक्क आहे, तसाच तो न करणे हेही मालकाचे हत्यार आहे. रहिवासी थांबला तर त्याची चाळ पडते. कामगार थांबला तर त्याची चूल विझते. मालक थांबला तर त्याच्या जमिनीचा भाव वाढतो. शेवटी ‘मालक पुढे येत नाहीत, कामगारांची देणी अडकली आहेत’ असे कामगारांचेच नाव पुढे करून २० मार्च २००१ रोजी शासनाने नियम बदलला. आता वाटणी व्हावयाची ती सगळ्या जमिनीची नव्हे. गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळी असलेल्या तेवढ्या जमिनीची. गिरणीचे शेड पाडल्यावर जी जमीन मोकळी होईल ती ‘मोकळी’ नव्हे! शब्द तोच राहिला आणि शहराच्या हातची जमीन गेली. हा झाला ३७ व्या कलमाखालचा किरकोळ फेरबदल.

नागरिकांनी ह्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. १७ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि शासनाचा अर्थ ग्राह्य धरला. तोपर्यंत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे तुमच्याआमच्या मालकीच्या सरकारी कंपनीने, २००५ साली पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्याही होत्या. न्यायालयाच्या निकालाचा मान राखूनही एक प्रश्न विचारणे आमचे कर्तव्य आहे. जो नियम बदलल्याने शेकडो एकरांचे भवितव्य बदलले, त्यावर लालबाग-परळच्या लोकांचे मत कोणत्या सभेत, कोणत्या मतपेटीतून घेतले गेले?

ह्या कारभाराची किंमत कागदावर दिसत नाही. ती जिन्यावर दिसते. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, हजारो नवी माणसे रोज तेथे येऊ लागली, आणि त्यांना वाहणारे रस्ते, स्थानके, पूल मात्र गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबर २०१७ रोजी, कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागून १४ जणांचा बळी गेला. पूल रेल्वेचा होता आणि आगीची कारणे वेगळी होती, हे आम्हांस ठाऊक आहे. पण एका आवारात किती माणसे येणार, ती कोठून चालणार, संकटात कोठून बाहेर पडणार, हा प्रश्न परवानगी देतानाच विचारावयाचा असतो. तो विचारणारा माणूस रोज त्या जिन्यावरून चढणारा असतो, आणि त्यालाच कायद्याने टेबलापासून दूर ठेवले आहे.

आणि कामगार? घरांसाठी गिरणी कामगारांचे व त्यांच्या वारसांचे सुमारे दीड लाख अर्ज आले. त्यांतील थोड्यांनाच घर मिळाले. उरलेल्यांना मुंबईबाहेर शेलू-वांगणीची घरे दाखवली गेली, तेव्हा २०२५ साली म्हाताऱ्या कामगारांना पुन्हा आझाद मैदानावर यावे लागले. ज्यांच्या श्रमावर ही नगरी उभी राहिली त्यांनी नगरीच्या सीमेबाहेर जावे आणि ज्यांनी गिरण्या बंद पाडल्या त्यांनी नगरीच्या मध्यावर राहावे, हाच नियोजनाचा अर्थ असेल, तर त्या नियोजनाला वर्गीय नियोजन म्हणावे लागेल.

काही सुशिक्षित मित्र म्हणतात, न्यायालये आहेत ना! आहेत, आणि त्यांनी काही वेळा रहिवाशांच्या पारड्यात वजन टाकले आहे, हे आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो. उडुपीच्या नगरपालिकेने निवासी विभागात मंगलकार्यालयासाठी दिलेल्या परवानगीच्या जागी चित्रपटगृह होऊ दिले. तेथील एक रहिवासी भांडत दिल्लीपर्यंत गेला आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, योजनेविरुद्ध दिलेली परवानगी शेजारच्या रहिवाशांच्या हक्कांना बाधा आणते आणि रहिवाशाला तिच्याविरुद्ध दाद मागता येते. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा घाट मुख्यमंत्र्यांच्या आदेशाने घातला गेला; १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने तो हाणून पाडला. म्हणजे रहिवाशाचा हक्क ह्या देशात अर्धशतकापूर्वीच मान्य झालेला आहे. फक्त तो विभाग कार्यालयात मान्य नाही, मंत्रालयात मान्य नाही. तो वकिलाची फी भरून, वर्षानुवर्षे तारखा घेऊन, सर्वोच्च न्यायालयात मान्य आहे. जो हक्क बजावण्यासाठी आयुष्याची पुंजी ओतावी लागते, तो गरिबाच्या दृष्टीने हक्क नसून देखावा होय.

दुसरा आक्षेप आपल्याच बाजूचे काही साथी घेतात, आणि तो गंभीर आहे. ते म्हणतात, रहिवाशांना अपिलाचा हक्क दिला तर त्याचा लाभ पांढरपेशा सोसायट्या घेतील. शेजारी पुनर्वसनाची इमारत नको, सार्वजनिक संडास नको, फेरीवाला नको, म्हणून अपिले करतील. हे घडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘आमच्या विभागाचे वातावरण’ ह्या गोंडस शब्दांआड गरिबाचा तिटकारा कैकदा लपलेला असतो. अशा रहिवाशांच्या मागे आपण लाल झेंडा घेऊन उभे राहावयाचे नाही. परंतु त्यावर उपाय रहिवाशाला मुका ठेवणे हा नव्हे. आजही त्या सोसायट्यांतील माणसांचा आयुक्तांशी परिचय असतो, वकील घरातच असतो. त्यांना मागच्या दाराने प्रवेश आहेच. पुढचे दार बंद असते ते चाळकऱ्याला आणि झोपडीवासीयाला. हक्क कायद्यात आला तर उघड सुनावणीत दोन्ही बाजूंना कारणे द्यावी लागतील, आणि गरिबाच्या घराला विरोध करणाऱ्याला आपले कारण चारचौघांत उच्चारावे लागेल. आपली कसोटी साधी असावी. जमीन कोणाच्या गरजेसाठी मागितली जात आहे आणि किंमत कोण मोजणार आहे? गरज बहुतांची आणि झीज थोड्यांची असेल तर आपण बांधकामाच्या बाजूचे. नफा थोड्यांचा आणि झीज बहुतांची असेल तर आपण हरकतीच्या बाजूचे.

लोकनियुक्त महापालिका हाच रहिवाशाचा आवाज, असे पुस्तकात लिहिलेले असते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका शासनाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होती. सभागृह नाही, सुधार समिती नाही, नगरसेवक नाही. मागणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा ह्यांत जनतेचा एकही प्रतिनिधी नाही. ह्या चार वर्षांत शहरात पत्रे उभे राहावयाचे थांबले काय? मुळीच नाही. ह्याचाच अर्थ असा की, ज्यांना बांधावयाचे आहे त्यांना लोकशाहीची गरज नाही. तिची गरज आहे ती आपल्याला, आणि म्हणून ती विस्तारण्याची जबाबदारीही आपलीच.

तेव्हा पक्षाने पुढील मागण्या स्पष्ट शब्दांत मांडाव्यात. पहिली: ठरावीक आकाराहून मोठ्या प्रत्येक बांधकामाच्या अर्जाची मराठीत नोटीस जागेवर, विभाग कार्यालयात आणि आसपासच्या वस्तीत लागावी आणि नकाशे विनामूल्य पाहावयास मिळावेत. दुसरी: ४७ व्या कलमातील ‘अर्जदार’ ह्या शब्दाबरोबर ‘बाधित रहिवासी’ हे शब्द घालावेत, भाडेकरू व झोपडीवासी हेही रहिवासीच मानावेत, आणि अपिलाचा निर्णय होईपर्यंत बांधकाम सुरू होऊ नये. तिसरी: मैदान, शाळा, दवाखाना वा सार्वजनिक घरे ह्यांच्या जमिनीला हात लावणारा कोणताही बदल ३७ व्या कलमाखाली ‘किरकोळ’ मानला जाऊ नये, त्यासाठी विभागात जाहीर सुनावणी झालीच पाहिजे. चौथी: सभागृह अस्तित्वात नसताना प्रशासकाला असे फेरबदल करण्याचा अधिकार असू नये. ह्यांतील एकही मागणी समाजवादाची नाही. कोणत्याही सुसंस्कृत लोकशाहीला शोभावी इतकीच ती साधी आहे. तरीही ती मान्य होणार नाही, कारण ह्या राज्यात सत्तेची नाळ जमिनीच्या भावाशी जोडलेली आहे.

म्हणूनच मागणीपाठोपाठ काम हवे. आपल्या परंपरेत ह्या कामाचे उदाहरण आहे. मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोरेगावात नागरी निवारा परिषदेच्या झेंड्याखाली १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचे कलम हाती घेतले, अतिरिक्त जमीन मागितली, सरकारशी आणि मालकांशी झगडल्या, आणि दिंडोशीच्या माळावर हजारो सामान्य कुटुंबांची घरे उभी राहिली. तो कमाल धारणा कायदाच महाराष्ट्राने २००७ साली मोडीत काढला, ह्यातच त्याची ताकद दिसते. पाण्याच्या हंड्यापासून सुरुवात करून मृणालताई जमिनीच्या प्रश्नापर्यंत पोचल्या. आपण वेतन आणि बोनस ह्यांपासून सुरुवात केली आणि पुष्कळदा तेथेच थांबलो. गिरणीत काय चालते ते आपल्याला पाठ होते. गिरणीखालच्या जमिनीचा नकाशा आपण फार उशिरा उघडला.

ती चूक पुन्हा होता कामा नये. प्रत्येक शाखेने आपल्या विभागाचा विकास आराखडा मिळवून कार्यालयाच्या भिंतीवर लावावा. त्यावरील प्रत्येक आरक्षण जागेवर जाऊन पाहावे. मैदान मैदानच आहे काय, दवाखान्याच्या जागी काय उभे आहे, ह्याची नोंद ठेवावी. दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर १२७ व्या कलमाखाली मालक नोटीस देऊन आरक्षण रद्द करवून घेऊ शकतो, म्हणून कोणते आरक्षण मुदतीच्या काठावर आहे ते आपल्याला मालकाच्या आधी ठाऊक असावे. पत्रे लागल्यावर मोर्चा काढणे हे हरलेल्या लढाईचे सांत्वन आहे; पत्रे लागण्यापूर्वी नकाशा वाचणे ही खरी लढाई.

शहर ज्यांनी बांधले त्यांना शहर कसे असावे हे विचारण्याची सवय ह्या व्यवस्थेला कधीच नव्हती. ती लावावी लागेल. सत्ताधाऱ्यांनी आपल्याला ‘नापसंतीची सूचना’ हा शब्द दिलाच आहे. त्यांनी तो परवानगीसाठी वापरला. आपण तो त्याच्या खऱ्या अर्थाने, वस्तीवस्तीतून, त्यांच्या हाती देऊ या.